पिवळं मशीन आणि डोमाजींचा टेप

कचेरीतल्या जुन्या फायली दर पाच-सात वर्षांनी रद्दीत जातात. किस्से जात नाहीत. उलट प्रत्येक निरोप समारंभाला त्यांत एक-दोनांची भर पडते, आणि सांगणारा बदलला की तपशीलही थोडे फुगतात. मी फुगवणार नाही. एक तर माझा तो स्वभाव नाही, आणि दुसरं म्हणजे यातल्या निम्म्या घोळांना मीच जबाबदार होते.

आमचं काम विहिरी मोजण्याचं. नागपूरच्या आसपासच्या दोनेकशे विहिरी ठरलेल्या. वर्षातून चारदा जायचं, कठड्यावरून टेप सोडायचा, पाणी किती खोल आहे ते लिहून आणायचं. टेपच्या टोकाला पितळेचं वजन, तळाशी पोकळ. ते पाण्याला टेकलं की 'डुब्ब' असा बारीक आवाज येतो. तो ऐकायला कान लागतो, आणि आमच्या कचेरीत तो कान डोमाजींचा होता. पंचवीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. शिक्षण नववी नापास.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला कुठल्याशा परदेशी मदतीतून आम्हाला हातात धरायचा एक कॉम्प्युटर मिळाला. पिवळा, विटेएवढा, रबरी बटणं, आठ ओळींचा पडदा. आता वहीत लिहायचं नाही, विहिरीवर उभं राहून आकडा थेट यात दाबायचा. मागोमाग आदेशही आला. मेअखेर मुख्य कचेरीचे साहेब येऊन परीक्षा घेतील. ज्याला मशीन स्वतः चालवता येईल तो फिल्डवर, ज्याला येणार नाही त्याची रवानगी स्टोअरमध्ये.

डोमाजींच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. ते सरळ माझ्या टेबलाशी आले.

"जय भीम, मॅडम. स्टोअरात बसून टिकाव-फावडे मोजाले लावलं तं मी तीन वर्षं काय, तीन महिने बी नाही जगत. शिकवा मले."

मी हो म्हणाले. मला तरी कुठे येत होतं? सीताबर्डीच्या एका क्लासमध्ये तीन महिने कॉम्प्युटर शिकले होते, एवढंच माझं भांडवल.

*

मशीन आलं त्या दिवशी पांढरीपांडे साहेबांनी, म्हणजे आमच्या कचेरीच्या प्रमुखांनी, त्याची पूजा घातली. हळदकुंकू, झेंडूचं फूल, नारळ, पेढे, सगळं रीतसर. मग सगळ्यांच्या देखत त्यांनी बटण दाबलं.

काही झालं नाही. पुन्हा दाबलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी पुस्तिकेकडे पाहिलं. पुस्तिका इंग्रजीत आणि दोनशे पानांची. मग हेडक्लार्कपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी एकेकदा ते बटण दाबून पाहिलं, जणू कुणाचा तरी हात लागून मशीन पावणार होतं. साहेब म्हणाले, "परत पाठवा. वाटेत मार बसलेला दिसतो."

डोमाजी मागे हात बांधून उभे होते. पुढे येऊन त्यांनी मशीन उचललं आणि कानाशी धरून हलवलं.

"साहेब, हे लयच हलकं लागून राहिलं. याच्यात सेल टाकले का जी?"

टाकले नव्हते. आमचे जीपचे ड्रायव्हर शब्बीरभाई सीताबर्डीवरून सेल घेऊन येईपर्यंत पेढे संपले होते.

*

मशीन नुसतं सुरू होऊन भागत नाही. प्रत्येक विहिरीचा नंबर, गाव, कठड्याची उंची, कुठला टेप वापरणार, सगळं आधी त्यात भरावं लागतं. मला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी सेल उतरले म्हणून मी मोठे सेल काढले आणि त्यांच्याबरोबर बाजूचा छोटा सेलही काढून ठेवला, म्हटलं सगळेच नवे घालू. हे दोन्ही एका वेळी काढू नयेत असं पुस्तिकेच्या एकशे बाराव्या पानावर लिहिलं होतं. मी नव्वदाव्या पानापर्यंत पोचले होते.

नवे सेल घातल्यावर मशीन छान सुरू झालं. आत एकही विहीर नव्हती. पडद्यावर फक्त एक प्रश्न होता, आज तारीख काय?

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. खोटं कशाला सांगू? डोमाजींनी थोडा वेळ रडू दिलं आणि मग रजिस्टर उघडलं.

"विहीर गाळानं भरली तं माणूस काय करते? उपसते. घ्या, पह्यली विहीर."

दोन दिवसांत माझा अंगठा सुजला. ती रबरी बटणं दाबायला चांगलाच जोर लागायचा. डोमाजी म्हणाले, "तुम्ही वाचा, मी दाबतो." इंग्रजी आकडे त्यांना टेपमुळे पाठ होते. अक्षरांशी मात्र त्यांचं भांडण झालं. "'ए'च्या बाजूले 'बी' पाह्यजे ना? हे 'येस' काहून बसलं इथं?" क्लासमध्ये हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर सगळी बटणं जशीच्या तशी काढली आणि घरी जेवण झाल्यावर त्या पुठ्ठ्यावर गावांची नावं दाबत बसायला लागले.

दुसऱ्यांदा भरायला सातच दिवस लागले. शेवटच्या दिवशी डोमाजी न बघता 'कळमेश्वर' दाबत होते. माझी चूक झाली नसती तर ते शिकले असते की नाही, मला आजही सांगता येत नाही.

*

कंपनीचा माणूस सांगून गेला होता की हे मशीन धुळीत, पाण्यात, दगडावर, कुठेही चालतं. साहेबांचा विश्वास नव्हता. त्यांनी शहरातल्या महाल भागातल्या एका रजईवाल्याकडून त्याला कापूस भरलेलं जाड कव्हर शिवून घेतलं. वर साखळीटाक्यात कचेरीचं नाव.

एप्रिलचं ऊन आणि वर रजई! पहिल्याच दिवशी दुपारी पडदा काळा पडला. उष्णतेनं ते पडदे तसे होतात हे मला नंतर कळलं. त्या वेळी वाटलं, गेलं मशीन, आणि त्याबरोबर माझी नोकरी. डोमाजींनी कव्हर काढून जीपमध्ये टाकलं, गळ्यातला दुपट्टा पाण्यात बुडवून मशीनभोवती गुंडाळला आणि ते जीपच्या पुढे छागलीशेजारी टांगलं. छागल म्हणजे पाणी गार ठेवायची आमची कापडी पिशवी. पुढच्या गावापर्यंत पडदा उजळला.

संध्याकाळी साहेबांनी आपलं लाडकं मशीन टपटप गळताना पाहिलं आणि ते मटकन खुर्चीत बसले.

"साहेब, कागदावर लिवलं हाये ना, पाण्यानं काही होत नाही," डोमाजी म्हणाले. "मंग लिवलं तसं चालवून राहिलो आपण."

महिन्याभरानं कंपनीचा माणूस तपासणीला आला. त्यानं ते कव्हर उघडलं, आतल्या खिशात हात घातला आणि बराच वेळ हातातल्या वस्तूकडे बघत राहिला. कांदा होता. लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून आमच्याकडे माणसं खिशात कांदा ठेवतात, डोमाजींनी तो मशीनच्याही खिशात ठेवला होता.

"हा पार्ट आमचा नाही," एवढंच तो म्हणाला.

*

एका गावात आम्ही मोजत असताना एक म्हातारी बाई घागर घेऊन आली. पिवळ्या मशीनकडे बघून तिनं विचारलं, "हे काय सांगते, बापू?"

"पाणी किती खोल गेलं थे सांगते, आजी."

"थे तं माही पाठ बी सांगते," ती म्हणाली आणि दोर सोडायला लागली.

डोमाजींनी मशीन माझ्या हातात दिलं आणि तिची घागर ओढून दिली, मग तिच्यामागून आलेल्या सगळ्या बायांच्याही. त्या दिवशी आमच्या चार विहिरी राहून गेल्या. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा मी 'तांत्रिक अडचण' असं लिहून दिलं.

*

आता सगळ्यात लाजिरवाणा किस्सा. मेच्या सुरुवातीला आम्ही मशीन घेऊन परीक्षेआधीची एक सराव फेरी केली. आकडे काढले, तर काय, प्रत्येक विहिरीचं पाणी सगळ्यांच्या अंदाजापेक्षा फूटभर वर! मार्चच्या आकड्यांशी ताडून पाहिलं तरी कितीतरी विहिरी चढलेल्या. साहेबांच्या आनंदाला पारावार नव्हता. आपल्या नालाबंधाऱ्यांचं हे यश, असं टिपण त्यांनी टायपिस्टला सांगायलाही घेतलं.

डोमाजी दारातून ऐकत होते. "मॅडम," ते हळूच म्हणाले, "मे महिन्यात नागपुरात वर चढते थो फक्त पारा. काही तरी चुकून राहिलं."

झालं होतं असं. आमच्या टेपचा पहिला तीस सेंटिमीटरचा तुकडा फार पूर्वीच तुटला होता. नवा टेप मागून मागून मिळाला नाही, तेव्हा वजन उरलेल्या टोकाला बांधलं आणि डोमाजी आलेल्या आकड्यातून मनातल्या मनात तीस वजा करून लिहायचे. इतकी वर्षं करत होते की आपण वजाबाकी करतो हेही त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. आणि मी शहाणी! स्टोअरच्या नोंदीत 'टेप तुटका' वाचून मशीनलाही तीस वजा करायला शिकवून ठेवलं होतं.

"बारा दाबलं तं हे अकरा सत्तर दाखवे," डोमाजी म्हणाले. "मले वाटलं, मशीन हाये, आपल्यापेक्षा जास्त समजत असंन."

साहेबांचं टिपण केराच्या टोपलीत गेलं आणि राग डोमाजींवर निघाला. "म्हाताऱ्यांच्या हातात मशीन दिलं की हेच होणार. नाव स्टोअरसाठी पाठवा." मी सरळ आत गेले आणि सांगितलं, मशीन मी भरलंय, चूक माझी आहे, नाव पाठवायचं तर माझं पाठवा. माझा आवाज चढला होता आणि तो चढला याचं मला जराही वाईट वाटलं नाही. साहेबांनी पेपरवेट उचलून फायलीवर ठेवला. म्हणाले, "परीक्षेत काय ते ठरेल."

त्यानंतरचे पंधरा दिवस डोमाजी टेप वाचला की आकडा आधी मोठ्यानं उच्चारत. वजाबाकी न करण्याची सवय अशी लावावी लागली त्यांना.

*

मेअखेरीला मुख्य कचेरीचे मोठे साहेब आले. डोक्यावर हॅट, काखेत प्रत्येकाच्या नावाचा फॉर्म. कळमेश्वरकडची एक विहीर परीक्षेसाठी ठरली. गावातली पाच-सात माणसं बघायला जमली. डोमाजींनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. आदल्या दिवसापासून ते माझ्याशी मोजकंच बोलत होते.

मशीन सुरू केलं, तारीख बरोबर, विहिरीचा नंबर बरोबर. पडद्यावर प्रश्न आला, पाणी किती खोल? डोमाजी टेप उलगडायला वाकले तेवढ्यात मोठे साहेब म्हणाले, "थांबा. मशीन धरायची तुमची पद्धत चुकीची आहे. इकडे द्या, दाखवतो."

"पट्टा गळ्यात घाला जी, साहेब," डोमाजी म्हणाले.

"मला माहीत आहे," साहेब म्हणाले, मशीन एका हातात घेऊन कठड्यावर टेकले, आणि मशीन निसटलं.

पांढरीपांडे साहेबांनी डोळे मिटले. मी कठडा धरला. खालून आवाज आला, आणि डोमाजी मान वाकडी करून जरा थांबले.

"साडेनऊ मीटर," ते म्हणाले.

गावातल्या एकानं घरून गळ आणला, विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा तो आकड्यांचा गुच्छ. शब्बीरभाई आणि डोमाजी आळीपाळीनं गळ फिरवत राहिले. अर्ध्या तासानं पट्टा अडकला. मशीन वर आलं, शेवाळ लागलेलं, पाणी गळणारं. डोमाजींनी सदऱ्यानं पडदा पुसला. तो चालू होता, आणि त्यावर तोच प्रश्न होता, पाणी किती खोल?

मोठ्या साहेबांनी हॅट काढून घाम पुसला. मग जीपच्या बॉनेटवर फॉर्म ठेवला, डोमाजींच्या नावापुढे 'फिल्डसाठी योग्य' असं लिहिलं आणि खाली सही केली. मला ते उलट्या बाजूनंही स्पष्ट वाचता आलं.

"झालं," साहेब पेन खिशात ठेवत म्हणाले. "आता ते साडेनऊ टाका त्यात आणि चला. ऊन फार आहे."

डोमाजींनी पट्टा स्वतःच्या गळ्यात घातला आणि टेपचं वजन हातात घेतलं.

"साहेब, साडेनऊ तं माहा अंदाज हाये. अंदाज मशीनमंदी टाकता येत नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी टेप विहिरीत सोडला.