आप्पांचा एकतीस दिवस चालणारा बँड

आमच्या बिल्डिंगमध्ये आप्पांच्या घरची एकही वस्तू मेलेली कुणी पाहिली नाही. मिक्सरच्या झाकणाला सुतळी, इस्त्रीच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी, टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी फाटू नये म्हणून आणखी एका पिशवीत. सोफ्यावरचं दुकानातलं प्लॅस्टिक त्यांच्या मुलीच्या, पल्लवीच्या, बारशापासून ती दहावी होईपर्यंत टिकलं. उन्हाळ्यात पाहुणा त्यावरून उठला की मांडी सोलल्यासारखा आवाज यायचा. आप्पा पाहुण्याकडे न बघता सोफ्याला काही झालं नाही ना, ते बघायचे.

माणूस अमळनेरकडचा. पंचवीसेक वर्षांपूर्वी सिल्वासाला आला आणि जवळच्या सायली गावातल्या एका धाग्याच्या कारखान्यात मेंटेनन्सला चिकटला तो चिकटलाच. आडनाव बिल्डिंगमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. कुरिअरवालाही खालून ‘आप्पा मेंटेनन्स’ अशीच हाक मारायचा. मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. मूळची कोकणातली, इथल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे सगळी बिल्डिंग मला बाई म्हणते. शनिवार-रविवारी शेजारच्या दारूबंदीच्या राज्यातून माणसं आमच्या गावात कशासाठी येतात हे सांगायला नको. ती जाताना मागे सोडून जातात त्या रिकाम्या बाटल्या आप्पा गोळा करायचे आणि त्यांत मशीनचं तेल भरून ठेवायचे. थेंबभर दारू न पिता सगळ्या मजल्यांत सर्वांत जास्त बाटल्या बाळगणारा तो एकच गृहस्थ होता.

“वस्तू मरत नाही, बाई. लोकं तिले मारतात,” हे त्यांचं वाक्य. ते ऐकवण्यासाठी त्यांना कुणीतरी नवी वस्तू आणलेली पुरे. तळमजल्यावरच्यांनी नवा फ्रिज घेतला तेव्हा आम्ही सगळे पेढे खायला गेलो आणि आप्पा जुन्याची चौकशी करायला. “काय झालं होतं त्याले?” असं त्यांनी इतक्या हळू आवाजात विचारलं की त्या घरच्या वहिनींच्या हातातला पेढा तसाच राहिला. “काही नाही, रंग जुना झाला होता,” असं त्या म्हणाल्या. आप्पा पुढे दोन महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. अशा माणसाचा राग येतो, आणि मला तो नेहमी यायचा.

आप्पांच्या पत्नी सहा वर्षांपूर्वी गेल्या. पल्लवी, माझीच विद्यार्थिनी, पुण्याला नोकरीला लागली. मग एक दिवस कारखान्यात शिडीवरून उतरताना आप्पांना घेरी आली. डॉक्टरांनी छातीला तारा लावून पाहिलं आणि सांगितलं, हृदयाचा ठोका मधूनच चुकतोय, लक्ष ठेवायला हवं. गोळ्या सुरू झाल्या. पल्लवी पुढच्याच आठवड्यात आली ती त्यांच्यासाठी हातात घालायचा बँड घेऊन. पावलं, झोप, ठोके, सगळं मोजणारा. ठोक्यांचे आकडे आप्पांच्या मोबाईलवर जाणार आणि तिथून पुण्याला तिच्या मोबाईलवर. काही वेडंवाकडं दिसलं तर ती फोन करणार, नाहीतर मला पाठवणार. मला ती जाताना म्हणाली, “बाई, हा त्यांच्या हातात असला की मला रात्री झोप लागेल.”

आप्पांनी बँड घातला, हात लांब धरून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, “याची बॅटरी बदलता येती का?” पावलांबद्दल नाही, ठोक्यांबद्दल नाही. पल्लवी म्हणाली, माहीत नाही. तिला बसमध्ये बसवून आप्पा तडक मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेले. मलाही नेलं, कारण मी ‘सायन्सवाली’. दुकानदाराने बँड उलटापालटा केला, नख लावून पाहिलं आणि परत दिला. “आ खुलतुं नथी, काका. सीलपॅक छे. बॅटरी गई तो नवो लई लेवानो.”

“स्क्रू कुठं आहे?”

“स्क्रू नथी, काका. गुंदरथी चोंटाडेलुं छे. खोलो तो पाणी जशे अंदर.”

डिंकाने चिकटवलेली वस्तू! आप्पांचा चेहरा मी तोवर इतका पडलेला पाहिला नव्हता. स्वतःच्या हृदयाचं ऐकतानाही नाही. खरं सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा मला आप्पांचं पटलं. माणसाला दीर्घायुषी करायला निघालेल्या या वस्तूचं स्वतःचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं. नखाएवढी बॅटरी दमली की उरलेला सगळा धडधाकट बँड कचऱ्यात. आमचा वीस वर्षांचा मिक्सर कधी कुणाच्या तब्येतीची चौकशी करत नाही, पण निदान उघडतो तरी. कंपनीवाल्यांना हे कुणीतरी सुनवायला हवं. आप्पांनी ते सुनवलं, पण मला. घरी येईपर्यंत.

त्या संध्याकाळपासून बँडचा मेंटेनन्स सुरू झाला. कुणीतरी त्यांना सांगितलं की बॅटरीच्या आयुष्यात चार्जिंगच्या फेऱ्या मोजूनच असतात, त्या संपल्या की ती सुस्तावते. झालं. चार्जिंग जितकं कमी, आयुष्य तितकं जास्त, असं त्यांनी गणित मांडलं. शंभर टक्के भरायचा नाही, वीसच्या खाली जाऊ द्यायचा नाही. चार्ज केल्याच्या तारखेला कॅलेंडरवर लाल गोल. आणि रोज संध्याकाळी माझ्या दारात, चष्मा कपाळावर: “बाई, आता अजून काय बंद करता येईल?”

आधी उजेड कमी केला. इतका, की वेळ पाहायला आप्पा बाथरूममध्ये जाऊन दिवा मालवायचे. मग मेसेज बंद. हात उचलला की पडदा पेटतो, ते बंद. हात उचलूनही काही दिसत नाही म्हणून वेळेसाठी त्यांनी दुसऱ्या मनगटावर जुनं चावीचं घड्याळ बांधलं. झोप मोजणं बंद. “झोपलो का नाही ते मले सकाळी समजतंच ना?” कंपनी म्हणायची चौदा दिवस चालेल. आप्पांनी एकवीसवर नेला.

सकाळी नदीकाठच्या बागेत चालायला येणाऱ्यांत तेव्हा या बँडचं पेवच फुटलं होतं. फेरी संपली की सगळे बाकावर बसून एकमेकांची मनगटं बघायचे. एक निवृत्त मामलेदार रोज विचारायचे, “किती झालं?” कुणी म्हणायचं सात हजार, कुणी नऊ. मामलेदार स्वतः बसल्या बसल्या हात हलवून दहा हजार करायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पांना विचारलं की ते छाती काढून सांगायचे, “चोवीस.”

“चोवीस हजार?”

“चोवीस दिवस. चार्ज न करता.”

कुणाला त्यात काय विशेष ते कळायचं नाही. आप्पांना त्याची पर्वा नव्हती. बाकीच्यांचे बँड मरणपंथाला लागलेले आणि आपला तेवढा तरणाबांड, याचं समाधान त्यांच्या चालण्यात दिसायचं. मीही दुसऱ्या दिवशी शाळेच्या स्टाफरूममध्ये या गोष्टी रंगवून सांगायचे. आप्पांनी माझ्या कितीतरी मधल्या सुट्ट्या सुखाच्या केल्या.

मग ते एका संध्याकाळी बँड उलटा धरून आले. मागे हिरवा दिवा लुकलुकत होता. “हे पाहा, बाई. हे चोवीस तास पेटेल राहतं. सगळी बॅटरी हेच खाई राह्यलं.”

मी म्हटलं, “आप्पा, तो ठोके मोजतो. त्याच्यासाठीच तर घातलाय.”

“मी बटन दाबेन तेव्हा मोजू द्या ना. असं सारखं सारखं कायले? दिल काय पळून चाललंय?”

मी त्यांना त्यांचीच गोष्ट ऐकवली. कारखान्यात एक जादा पंप असतो. चालू पंप बंद पडला तर वापरायचा. तो दर सोमवारी पाच मिनिटं चालवायचाच, असा आप्पांचा दंडक होता. कारण नुसता ठेवला तर आतून जाम होतो आणि ऐन वेळी दगा देतो. एका सोमवारी कामगार विसरले म्हणून आप्पांनी सगळ्या शिफ्टला उभं करून झापलं होतं. “मग हे काय वेगळं?” मी विचारलं. “वापरलाच नाही तर हा तुमच्या काय कामाचा?”

आप्पा हसले. “पंप कंपनीचा आहे, बाई. हा पोरीनं देयेल आहे.”

माझ्यापुढे चाळीस वह्यांचा गठ्ठा होता. वाद घातला असता तर अर्धा तास गेला असता. शिवाय, लपवून काय करू, उद्या स्टाफरूममध्ये सांगायला हा किस्सा झकास होता. मी त्यांचा मोबाईल हातात घेतला, दोन ठिकाणी बोट लावलं आणि हिरवा दिवा विझवला. आप्पा म्हणाले, “तुमचे लई उपकार.” पुढच्या वेळी बँड एकतीस दिवस चालला. त्यांनी बागेत बत्तासे वाटले.

दिवा विझल्यावर आठवड्याने पल्लवीचा फोन आला. “बाई, बाबांचे ठोके दिसत नाहीयेत. बँड घालतात ना?” आप्पा समोरच बसले होते, दोन्ही हातांनी ‘नको नको’ करत, तोंडावर शाळा बुडवलेल्या मुलाचे भाव. वर्गात पोरांची एक थाप मी खपवून घेत नाही. तिला मात्र म्हटलं, “घालतात गं. नेटचा काहीतरी घोळ असेल, इथे रेंज कुठे धड असते?” आप्पांनी मला कोपरापासून नमस्कार केला. आम्ही दोघं हसलो. आता ते हसणं आठवलं की मला माझीच लाज वाटते.

पावसाळा सरल्यावरच्या एका रविवारी आप्पा सायकलवरून खेरडीला गेले. तिथल्या एका शेतकऱ्याकडून ते वालपापडी आणायचे, बाजारापेक्षा ताजी म्हणून. पिशवी हँडलला लावून निघाले आणि बांधावरच बसले. शेतकऱ्याने पाणी दिलं, टेम्पोत घालून इस्पितळात आणलं. मी पोहोचले तेव्हा ते बोलत होते. मला म्हणाले, “बाई, सायकल तिथंच राहेल आहे. तिले उन्हात ठेवू नका म्हना.” दुपारी दोनच्या सुमारास गेले. पल्लवी संध्याकाळी पोहोचली.

डॉक्टरांनी तिला विचारलं, ठोके गेल्या काही दिवसांत कसे होते, काही नोंद आहे का? तिने बँड त्यांच्यापुढे धरला. बॅटरी बहात्तर टक्के होती. बाकी सगळं कोरं. डॉक्टर भले होते. म्हणाले, कदाचित आधी काही दिसलं असतं, कदाचित नसतंही, आता सांगता येत नाही. ‘नसतंच’ म्हणाले असते तर मी त्यांचे पाय धरले असते.

दिवसपाणी उरकल्यावर मी पल्लवीसमोर जाऊन बसले. ती रिमोटच्या पिशव्या काढत होती. मी सगळं सांगितलं. दिवा मी विझवला, फोनवर खोटं मी बोलले, आणि वर शाळेत जाऊन हसले. कुणीतरी माझ्यावर आरडाओरडा करावा म्हणूनच मी गेले होते. पस्तीस वर्षं दुसऱ्यांना ओरडले, आता माझी पाळी होती.

ती म्हणाली, “मला माहीत होतं, बाई.”

“कधीपासून?”

“तुम्ही तो नेटचा घोळ सांगितलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी. बाबांनीच सांगितलं. त्यांना कुठे गप्प बसवतंय? रोज फोनवर, आज सत्तावीस झाले, आज अठ्ठावीस झाले. म्हणे, तू देयेल बँड मी तुह्या पोराबाळांपर्यंत चालवून दाखवीन.” ती थोडा वेळ पिशवीच्या घड्या करत राहिली. “आई गेल्यापासून इतके खूश कधी नव्हते हो ते. मला वाटलं, दिवाळीला येईन तेव्हा सांगेन चालू करायला. मी एकदा रागावले असते तर त्यांनी ऐकलं असतं माझं.”

आप्पा गेले तेव्हा दिवाळीला सतरा दिवस होते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ज्याने जन्मभर एकही वस्तू मरू दिली नाही, त्या माणसाला आम्ही दोघींनी लाडाने हातचं घालवलं होतं.