सगळ्यांचेच डोळे आले होते

त्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत घराघरात डोळे आले होते. आमच्या घरी ही साथ मुलीने शाळेतून आणली. सकाळी उठली तर दोन्ही पापण्या पिवळ्या चिपडांनी चिकटलेल्या, आणि डोळे उघडत नाहीत म्हणून घाबरून रडायला लागली. मी कोमट पाण्यात कापूस भिजवून हळूहळू पुसून काढलं. पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे बहुतेक वेळा आपोआप बरं होतं. डोळे चोळायचे नाहीत, टॉवेल आणि उशीची खोळ वेगळी ठेवायची, हात सारखे साबणाने धुवायचे, शाळेत पाठवायचं नाही. मी सगळं केलं, तरी चार दिवसांनी सासूबाई आरशासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मना बी डोया उनात." आमच्या घरी अहिराणीच चालते. धुळ्याकडून गुजरातेत येऊन वर्षं झाली, तरी दुखणं-खुपणं त्याच भाषेत निघतं.

दोघींचेही डोळे साधारण एकाच चालीने बरे होत आले. त्यामुळे यांचा डोळा लाल झाला तेव्हा कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

माझे यजमान कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात पैलू पाडायचे. लग्नाआधीपासून तेच काम. त्या दिवसांत ते नुकतेच तापातून उठले होते, ओठाच्या कडेला बारीक पुरळ होतं. कारखान्यात लाल डोळ्याच्या माणसाला दारातूनच परत पाठवत होते, कारण एका घंटीभोवती, म्हणजे हिरा घासायच्या चाकाभोवती, चार-चार जण गुडघ्याला गुडघा लावून बसतात. त्यांनाही परत पाठवलं. घरी यायच्या वाटेवर त्यांनी मेडिकलमधून थेंबांची बाटली आणली. कारखान्यातले बरेच जण तेच औषध घालत होते आणि एका रात्रीत डोळा पांढरा होतो असं सांगत होते.

खरंच झाला. तिसऱ्या दिवशी ते डबा घेऊन कामावर गेले.

पण मला काहीतरी खटकत होतं. मुलीचे दोन्ही डोळे आले होते, सासूबाईंचेही दोन्ही. यांचा एकटा डावाच. त्यात चिपडं धरत नव्हती, नुसतं पाणी गळायचं. संध्याकाळी घरात आले की ते खिडकीकडे पाठ करून बसायचे, ट्यूबलाइट लावली की कपाळाला आठ्या घालायचे. मी म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवू या. ते म्हणाले, "सगळ्यांचेच आलेत. माझंच काय वेगळं?" बाटली संपली तेव्हा त्यांनी दुसरी आणली. डोळा जरा लाल दिसला की थेंब घालायचे, पांढरा झाला की निघायचे.

एक दिवस ते दुपारीच घरी आले. चप्पल न काढता उंबऱ्यात बसले. सासूबाईंनी पाणी दिलं, ते हातात तसंच राहिलं. मग सांगितलं, त्यांनी घासलेला हिरा मॅनेजरने परत केला होता. पैलू तिरका गेला होता. भिंगातून पाहताना त्यांना ती कडच दिसत नव्हती. त्यांनी उजवा डोळा हाताने झाकला आणि माझ्याकडे बघितलं.

"तुझं तोंड दिसत नाही मला," ते म्हणाले. "वाफ धरल्यासारखं दिसतंय."

मी रिक्षा केली आणि त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई गुजराती होत्या, पण माझ्याशी हिंदीत सावकाश बोलल्या. त्यांनी डोळ्यात पिवळं औषध घालून निळ्या उजेडात पाहिलं. खूप वेळ पाहिलं. यांचं तोंड त्या यंत्रावर टेकलेलं होतं, गालावरून पिवळं पाणी ओघळत होतं. मग बाईंनी इतके दिवस घरी घातलेलं औषध मागितलं. मी पिशवीतून बाटली काढून दिली. त्यांनी ती वाचली आणि टेबलावर ठेवली.

"हे डोळे आलेले नव्हतेच," त्या म्हणाल्या.

मग समजावून सांगितलं. तापानंतर ओठावर ज्याने पुरळ उठतं, त्याच जातीचा विषाणू डोळ्यात गेला होता आणि बुबुळावर जखम झाली होती. बाटलीतल्या स्टिरॉइडने लाली तेवढी दबत होती, आत जखम पसरत होती. साध्या डोळे येण्यात खुपतं, खाजतं, चिकटतं, पण चिपड पुसल्यावर नजर साफ असते. दुखायला लागलं, उजेड सोसेना, धूसर दिसायला लागलं तर थांबायचं नाही, असं त्यांनी बजावलं. आवाज चढवला नाही. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. हे खाली मान घालून ऐकत होते, आणि मधेच त्यांनी एकच विचारलं, घंटीवर कधी बसता येईल. बाई म्हणाल्या, "आधी डोळा शाबूत राहू दे."

पुढचे काही आठवडे घर त्या डोळ्याभोवती फिरत राहिलं. मलम, गोळ्या, पडदे ओढलेले. मी घरी साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम करते, त्या फेविकॉलच्या वासाने त्यांचा डोळा चुरचुरायचा, म्हणून मी जिन्यात बसून काम करायचे. ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असत. मुलगी शाळेतून आली की दारातून डोकावून परत जायची. सासूबाईंनी मात्र शेजारपाजारच्यांनी सांगितलेले सगळे उपाय, मध, गुलाबपाणी, दूध, दारातच थांबवले. लेकाच्या डोळ्यात कुणाला काही घालू दिलं नाही.

जखम भरली. डोळा वाचला. पण बुबुळावर फूल पडलं, मधोमध, धुरकट ठिपक्यासारखं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की नजर थोडी सुधारेल, पूर्वीसारखी होणार नाही, आणि हा आजार अंगात दडून राहतो, पुन्हा उलटू शकतो.

कारखान्यात ते एकदा जाऊन बसून आले. पैलूची कड काही नीट दिसली नाही. आता ते रिंगरोडवरच्या एका कापड मार्केटमध्ये साड्यांची पार्सलं बांधतात. काम जड आहे, पण तिथे नजर बारीक लागत नाही. ओळखीचे विचारतात, हिऱ्याचं काम का सोडलंस. ते सांगतात, मंदी आहे.

त्यांना सर्दी झाली, कणकण आली, की मी आधी कपाळाला हात लावत नाही. दारातल्या उजेडात नेऊन डोळा बघते. त्यांना ते आवडत नाही. परवा म्हणाले, "मी काय हिरा आहे का, असा तपासतेस?" मी खालची पापणी ओढली, पाणी येतंय का पाहिलं, उजेड सोसतोय का विचारलं.

सोसतोय म्हणाले. मी पुन्हा एकदा पाहिलं.