पाहुण्यांसाठी रिकामं केलेलं घर

आमच्या गावात शाळेमागं दोन खोल्यांचं कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर आहे. आता आहे म्हणावं तर भिंतीच आहेत. नदीपलीकडच्या, दिवस भरत आलेल्या बाया पावसाळ्यात तिथं येऊन राहायच्या, कारण पूर आला की पलीकडून तालुक्याचा, कुरखेड्याचा दवाखाना गाठता येत नाही. हे घर आम्ही गावच्या बायाच चालवायचो. धान निघालं की घराघरातून तांदूळ यायचे. सोबत आलेल्या सासूला चूल वेगळी द्यायची, नाहीतर ती दुसऱ्याच दिवशी सुनेला घेऊन परत जाते, हे आम्हाला अनुभवानं कळलं होतं. छप्पर मात्र पार थकलं होतं.

तालुक्याच्या एका संस्थेतली मुलगी आमच्याकडं यायची. पोरगीच म्हणायची मी तिला. कण्या घातलेली अंबाडीची भाजी तिला आवडायची, म्हणून ती येणार कळलं की मी सकाळीच कण्या भिजवायची. ती म्हणाली, मोठ्या लोकांकडून अशा कामांना अनुदान मिळते, मी तुमच्या घरासाठी मागते, ते लोक बघायला येतील. आम्हाला वाटलं, आता छप्पर झालंच समजा.

बघायला येणार म्हणजे पाहुणे येणार. आमच्याकडं पाहुण्यांपुढं अवघडलेली बाई पाय पसरून बसलेली दिसू नये, लाज वाटते. तेव्हा दोघीजणी तिथं होत्या, त्यांना आम्ही आदल्या दिवशी आपापल्या घरी नेलं. सासवांची भांडी उचलली, चुली सारवून टाकल्या, अंगणात रांगोळी घातली. पोरगी संध्याकाळी येऊन बघून गेली. सगळं फिरून बघितलं अन् म्हणाली, "मावशी, लय छान केलं."

दुसऱ्या दिवशी गाडी आली. एका साहेबानं हिंदीत विचारलं, इथं राहतं कोण? मी तोंड उघडलं, तेवढ्यात पोरगीच इंग्रजीत काहीतरी बोलली. साहेबानं रिकाम्या खोलीत डोकावून मान हलवली. चहा घेतला, आमचं कौतुक केलं, गेले. मला वाटलं, ती आमचीच बाजू सांगून राहिली असेल.

उन्हाळ्यात ती पेढे घेऊन आली. पैसे मंजूर झाले होते, पण तालुक्याला तिच्याच संस्थेची इमारत बांधायला. तिथं बायांसाठी खाटा राहणार, अन् तिला तिथली मुख्य केलं होतं.

मी म्हटलं, "अन् आमचं घर?"

"त्यायले इथी कोणी राहते असं दिसलंच नाई, मावशी."

"तुले तं माहीत होतं. तू सांगितलं नाई काऊन?"

ती पेढ्याच्या डब्याचं झाकण लावत बसली. मग म्हणाली, "तुमचं काम तं बिनापैशाचंच चालते."

आजवर लोक मला पुष्कळ टोचून बोलले आहेत. पण इतक्या मायेनं कोणी टोचलं नव्हतं. पेढे मी शेजारच्या लेकरांना वाटून टाकले.

पुढच्या वर्षी तिची इमारत उभी झाली, अन् त्याच पावसात आमच्या घराची मागची भिंत बसली अन् छप्पर खाली आलं. त्याखाली कोणी दबलं नाही, तेवढं बरं. पलीकडून आलेली एक सून तेव्हा माझ्या घरी होती. एका रात्री तिच्या पायाला सूज चढली, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. दवाखान्याला लागून ती नवी इमारत, बाळंतपणाच्या बाईला आधी तिथंच न्यावं लागायचं. तिथं जायचं नाही, असं मनात घट्ट धरलं होतं मी. पण सुनेचा चेहरा बघितला अन् ऑटो बोलावला.

दारात पोरगीच होती. धावत आली, मला हात द्यायला लागली. म्हटलं, "मले सोड, हिले धर."

तिनं खरंच नीट धरलं, लगेच दवाखान्यात नेलं, डॉक्टरला उठवलं. ते खोटं कसं बोलू? सून वाचली, लेकरूही वाचलं. नंतर पोरगीनं माझ्यापुढं पाण्याचा गिलास धरला. घसा कोरडा पडला होता माझा. मी गिलास तिच्याच टेबलावर ठेवला अन् बाहेर नळावर जाऊन पाणी प्यायली.