ओर्लीनबाईंची हजेरी

एकतीस वर्षं ओर्लीनबाईंनी आमच्या खोऱ्यात शाळेची बस चालवली आणि तिचं इंजिन मी सांभाळलं. बाईंचा नियम ठरलेला. थांब्यावर पोर दिसलं नाही तर दोन हॉर्न, वीसपर्यंत आकडे, मगच गाडी हलणार. मी करवादायचो, "अहो बाई, डिझेल जळतंय!"

"जळू दे. तुझ्या बापाचं आहे का?"

पुढे वेदनेवरच्या त्या व्यसन लावणाऱ्या गोळ्या आल्या. आधी खाणीत पाठ मोडलेल्यांना मिळाल्या, मग घराघरांत शिरल्या मेल्या. बऱ्याच वर्षांनी त्या गोळ्या विकणाऱ्या कंपन्यांवरच्या खटल्यांत तडजोड झाली आणि भरपाईतला वाटा आमच्या कौंटीला, म्हणजे जिल्ह्यालाही आला. कौंटीचा पोलीसप्रमुख, शेरीफ डेल्बर्ट, याला त्यातून गस्तीच्या नव्या गाड्या हव्या होत्या. बाईंना हवी होती एक व्हॅन. व्यसन सोडवणारा दवाखाना सत्तर मैल लांब, आणि ज्यांना जायचं त्यांच्याकडे गाडी कुठली?

पैसा कशावर खर्चायचा ते कौंटीच्या सभेत मतदानानं ठरणार होतं, आणि त्या दिवशी बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं होती.

"भाषण लिहिलंत का?" मी विचारलं.

"छे रे. हजेरी आणलीय."

बाई उभ्या राहिल्या आणि बसच्या जुन्या हजेरीवहीतून थांब्याथांब्यानं नावं वाचू लागल्या. "चर्चचा थांबा. कोल्बी. पुलाचा थांबा. जोलीन." सगळी गोळ्यांनी नेलेली. "गिरणीचा थांबा. रीटा स्टॅम्पर."

शेरीफ ताडकन उठला. "माझी बहीण जिवंत आहे, बाई!"

"माहितीय, डेल्बर्ट. म्हणून तर हॉर्न द्यायला गाडी मागतेय."

तो मटकन खाली बसला. मग हळूच म्हणाला, "माझा गाड्यांचा अर्ज मागे घेतो." व्हॅन एकमतानं मंजूर झाली. मला रडू आलं, त्यात लाज कसली? अख्ख्या कौंटीत अशी बाई एकच, आणि ती आमच्या खोऱ्यातली!

पहिल्या सोमवारी चालवायला अडुसष्ट वर्षांच्या बाईच. नव्या इंजिनावर माझा भरवसा नव्हता, म्हणून शेजारी मी. गिरणीच्या थांब्यावर कुणीच नाही. बाईंनी दोन हॉर्न दिले, आकडे मोजले. वीस झाले तरी गाडी हलेना.

"बाई, वीस झाले."

"तू इंजिनाकडे बघ."

चाळिसाच्या पुढे कधीतरी थांब्यासमोरच्या घराचं दार उघडलं. रीटा धावत आली. केस ओले, एका बुटाची नाडी सुटलेली.

"बाई, बूट सापडत नव्हता," ती म्हणाली. तिसरीत असतानाही हेच सांगायची.

"चढ लवकर," बाई म्हणाल्या. "तुझी खिडकी ठेवलीय."