तात्यांचा साग

सांध्यातल्या फटीत भुसा-गोंद कालवून भरलेला दिसला की मला शिसारी येते, जेवणात केस निघावा तशी. सुतार असून असं म्हणणं लोकांना चोचलेपणा वाटतो. वाटू दे.

पणदऱ्याच्या एका तात्यांनी नवं घर बांधलं होतं. देवघराच्या छताखाली नक्षीची पट्टी मारायचं काम माझ्याकडं आलं. लाकूड तात्यांच्याच बांधावरच्या सागाचं, तरणेपणी त्यांनी स्वतः लावलेल्या. चार भिंतींपुरतंच निघालं, वर वीतभर नाही. त्यात तात्यांना घर गोमुखी हवं होतं, पुढं निमुळतं आणि मागं रुंद. देवघरही गवंड्याकडून तसंच बांधून घेतलेलं. म्हणजे एकही कोपरा काटकोनात नाही.

आमचे दाजी कळस गावाहून मदतीला आले. पट्ट्या तिरप्या कापायचं मशीन त्यांनी नवंच घेतलेलं, त्यामुळं त्यावर तेच बसणार. बहिणीच्या नवऱ्याला आमच्यात कुणी ऊठ म्हणत नाही.

मी म्हटलं, "दाजी, आधी कोपरा मापा. जेवढा भरंल त्याच्या निम्म्यावर काप घ्या. पयला टाकाऊ तुकड्यावर बघा."

"पाव्हणं, मशीनवर आकडा हाय की! पंचेचाळीस म्हंजी पंचेचाळीस."

मी स्क्रू आणायला बारामतीला गेलो. परत येतोय तर कोपरे काटकोनी असल्यागत सगळ्या पट्ट्या पंचेचाळीस अंशांवर कापून, छताखाली ठोकून दाजी मोकळे. चारही कोपऱ्यांत सांध्यांनी तोंडं वासलेली. पुन्हा कापावं तर पट्टी आखूड पडणार. आणि हे महाशय तंबाखू मळलेल्या बोटांनीच भुसा-गोंद कालवत बसलेले! देवघराच्या खिडकीतून पिचकारीही मारून झालेली. त्या बोटांची मला किळस आली.

तात्या आले. मान वर करून एकेक कोपरा बघत राहिले.

"दुसरं झाड लावता यील," ते हळू म्हणाले, "पर मी कुठला ऱ्हातोय तंवर?"

"कशाला तात्या? भुसा भरतो, पॉलिश मारलं की कुणाला कळतंय!" दाजी हसले.

"ऊठ रं," मी म्हणालो. "ऊठ हितनं."

आमच्या घरात त्यांना आजवर कुणी अरे-तुरे केलेलं नव्हतं. दाजी उठले. मशीन फडक्यानं नीट पुसलं, गाडीवर बांधलं. तात्यांच्या सागाकडं त्यांनी एकदाही वर बघितलं नाही.