आईची कारवी

कारवी सात वर्षांतून एकदाच फुलते, आणि मी आईला अंजनेरीच्या डोंगरावर नेलं ते ती फुलून गेल्याच्या पुढच्या वर्षी.

आमचा मळा मखमलाबादकडे, झेंडू-शेवंतीचा. अंजनेरी जांभळी झालीय असं जो तो सांगू लागला, तेव्हा आई म्हणाली, "मलाबी बघायचीय रे." पण कारवीचा बहर आणि दसऱ्याचा झेंडू नेमके एकाच वेळी. "पुढच्या वर्षी नेतो," मी ऐटीत सांगितलं. झेंडू दरवर्षी फुलतो, मग कारवीला काय धाड भरलीय, हे माझं शास्त्र.

पुढच्या वर्षी नऊवारी खोचून आई माझ्यापुढे चढली. वर उतारभर वाळक्या काटक्या. कारवी कुठेय विचारलं, तर उतरणारी कॉलेजची पोरं फिदीफिदी हसली. "काका, ही काय! फुलली की मरते ती. आता सहा वर्षांनी या."

आई रागावली नाही. घटकाभर काटक्यांकडे बघत बसली, मग त्याच मोडून मोळी बांधली आणि माझ्या डोक्यावर दिली. "वालाला आधार होतील." त्या काटक्यांवर परसात वाल चढला, जांभळा फुलला. येईल त्याला ती दाखवायची, "ही आमची अंजनेरी."

पुढे तिचे गुडघे गेले. पुन्हा बहर आला तेव्हा ओसरीवरूनच म्हणाली, "तू तरी जा. फोटो आण."

त्या दसऱ्याला झेंडू बायकोवर सोपवून मी गेलो. जांभळा डोंगर, मधमाश्यांची गुणगुण. "आई, बघ," म्हणत मी मागे वळलो, तर मागे अनोळखी माणसं.

आता आई नाही. बहर आला की मी जातो, आणि एकटा असलो तरी वाट सोडून बाजूला उभा राहतो. त्याला कारण त्या दसऱ्याचे फोटो. उसना आणलेला कॅमेरा, आणि भेटेल त्याला मी म्हणत होतो, "एक काढा हो माझा."

रोल धुऊन आला. आईने खिडकीशी धरून एकेक फोटो पाहिला, पदराने पुसून परत पाहिला.

"सात वर्सं थांबले मी. आन् तू मधीच उभा! सरक की जरा बाजूला!"