सहा आकड्यांपुरता फोन

मावशींचा जन्म दुसऱ्यांचे कपडे सैल-घट्ट करण्यात गेला. लांब झालेली पँट, तुटलेली चेन, उसवलेला खिसा. दुकान म्हणजे एक मशीन आणि एक स्टूल. मागच्या खोलीत त्या एकट्या राहत. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा दूरच्या शहरात, गोदामात पाळीवर कामाला.

गळ्यावर गाठ आली तेव्हा त्या सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथे कागद बंद झाले होते. तारीख, तपासणी, रिपोर्ट, सगळं ऑनलाइन. खिडकीतला कारकून म्हणाला, "मोबाइलवर सहा आकडे आले असतील, ते सांगा."

आकडे आले होते, पण मुलाच्या मोबाइलवर. मागे कधीतरी नाव नोंदवताना त्यानं स्वतःचा नंबर दिला होता.

मावशींनी आपल्या बटणांच्या फोनवरून त्याला लावला. तो एकेक आकडा सांगत गेला, मावशी कापडावर खुणा करायच्या खडूनं तळहातावर लिहीत गेल्या.

मग हे नेहमीचंच झालं. एरवी सहा-सहा महिने फोन न करणारा मुलगा आता महिन्यातून दोनदा बोलू लागला. आकडे झाले की मावशी घाईघाईनं विचारत, "जेवलास का?"

"हो. ठेवतो."

तेवढ्यावर त्यांचा पंधरवडा निघायचा. रांगेतलं कुणी म्हणायचं, "आजी, गप्पा घरी मारा." मावशी काणाडोळा करत.

एकदा मुलानं फोन उचलला नाही. आकड्यांची मुदत संपली, तारीख हुकली. पुढच्या खेपेलाही तेच. घास गिळताना अडकू लागला. शेवटी नर्सबाईंनी त्यांना बाजूला घेतलं.

"मावशी, तुमचाच नंबर टाकू या ना. मेसेज वाचायला मी शिकवते."

मावशी घुटमळल्या. "मुलाला विचारून सांगते."

रात्री फोन लागला तेव्हा मुलगा म्हणाला, "हे आधीच करायचं ना, आई. सुंठीवाचून खोकला गेला."

नंबर बदलला. मावशी चष्मा पुसून आकडे स्वतः वाचायला शिकल्या, एकदाही चुकल्या नाहीत. ऑपरेशनची तारीखही त्यांच्याच फोनवर आली. ती कळवायला त्यांनी मुलाला दोनदा फोन लावला, त्यानं उचलला नाही. तिसऱ्यांदा लावायला हात धजला नाही. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात सोबत कोण, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "बाहेर बसलेत."

तीन दिवसांनी गळ्याभोवती ओढणी गुंडाळून त्या एकट्याच घरी आल्या. डॉक्टरांनी आठवडाभर बोलायला मनाई केली होती. दुसऱ्याच दिवशी दुपारी मुलाचा फोन आला.

"आई, बऱ्याच दिवसांत तुझा फोन नाही. बरी आहेस ना?"

मावशींनी दोन्ही हातांनी फोन कानाशी धरला.

"आई? हॅलो? ऐकू येतंय का?" मागे कुणीतरी त्याला हाक मारली. "नेटवर्क नाही वाटतं," असं स्वतःशीच म्हणून त्यानं फोन ठेवला.

गाठ साधी निघाली. आवाज परत आला, पण घोगरा. बोलायची परवानगी मिळाली त्या दिवशी मावशींनी मुलाला फोन केला, आणि त्यानं तो उचलला.

"आवाज बसलाय का तुझा?"

"हो, जरा," मावशी म्हणाल्या, आणि तो पाळीबद्दल सांगू लागला ते ऐकत राहिल्या.